सामाईक कपाट आणि चमचाभर विरजण

आमच्या सोसायटीत जिन्याखालच्या कपाटात एक शिडी, एक ड्रिल आणि एक मोठं इडलीपात्र असे. बावीस घरांचं त्यावर भागायचं. अध्यक्ष गुळवणींना हे सारखं खुपायचं. शेवटी त्यांनी घरी सभा बोलावली आणि ताकाचा पेला हातात घेऊन येरझारा घालत म्हणाले, "ही मागामागी आजपासून बंद. माझ्या घरात मागून आणलेली एक वस्तू दाखवा, कपाट राहू देतो."

शेजारच्या इंदुताई म्हणाल्या, "या ताकाचं विरजण वहिनींनी परवा माझ्याकडून नेलं."

"चमचाभर तर होतं. आत्ता परत करतो."

"करा की. फक्त माझं तेवढंच वेगळं काढून द्या."

गुळवणी पेल्यात बघत राहिले. कपाटासाठी आणलेलं नवं कुलूप खिशातच राहिलं.