शेजारचा विस्तव

तो वरचा काळा कातळ दिसतोय ना, त्याला आम्ही विस्तवाचा कातळ म्हणतो. त्याच्या पायथ्याला ही आमची खैरवाडी. आता घरोघरी गॅस आला, तरी त्याच्या शेजारी चूल आहेच, आणि दिवेलागणीला घरटी एक माणूस खापर घेऊन शेजारी विस्तव मागायला जातं. माझ्याकडे कातळाजवळच्या घरातली ठकूबाई येते. एकटी असते. आज अजून आली नाही. येईल.

तुम्ही शहरातून आलेली, मानववंशशास्त्र शिकणारी मुलं. या चष्मेवालीने पायरी चढता चढता विचारलं, "आजी, काडेपेटी असताना ही अंधश्रद्धा कशाला?" बस, पोरी. नाव ठेवायची एवढी घाई बरी नाही.

असे सांगतात, फार पूर्वी इथे सटवोजी नावाचा हुशार गडी होता. राखेत पुरलेला निखारा पावसाळ्यात विझायचा, म्हणून तेव्हाही लोक शेजारून विस्तव आणत. सटवोजीने घाटाखालच्या बाजारातून अख्ख्या वाडीला पुरतील एवढ्या चकमकी आणल्या. लोक खूश. चिखल तुडवत जायचं कोणी? हळूहळू कोणी कोणाच्या दारात जाईना.

सटवोजीची बहीण गोजरा कातळाजवळ राहायची. दिवस भरलेले, आणि नवरा गुरं घेऊन घाटाखाली गेलेला. श्रावणात इथे धुकं असं बसतं की समोरच्या घरातला धूर दिसत नाही. गोजरा अंगणात घसरून पडली. कशीबशी सरपटत चुलीपाशी गेली. हाका मारल्या, त्या धुक्यातच राहिल्या. खाली जो तो म्हणाला, तिच्याकडे चकमक आहे, तिला काय कमी.

थांबा जरा. ठकूबाईच्या घरात दिवा दिसतोय का कोणाला? नाही ना. बरं.

तर एका संध्याकाळी म्हणे वाडीतली एकही चकमक पेटेना. कापूस सर्दावला असेल, असं तुम्ही म्हणाल. खुशाल म्हणा. लोक खापरं घेऊन निघाले. या घरी नाही, त्या घरी नाही, असं करत सगळी वाडी वर चढली. शेवटचं दार सटवोजीने ढकललं. गोजरा गार पडली होती. अंगावरचं अर्धं लुगडं तिने चुलीत घातलं होतं. त्यावर एक निखारा जगला होता, आणि निखाऱ्याच्या उबेवर तिच्या कुशीतलं मूल.

सटवोजीने आपली चकमक कातळावर आपटली. कातळ तेव्हापासून काळा, असे म्हणतात. आणि वाडीने शपथ घेतली, की घरच्या विस्तवाने घरची चूल पेटवायची नाही.

आता तू सांग, आम्ही रोज शेजारी काय बघायला जातो? तुमच्या पुस्तकात त्याला मोठा शब्द असेल. तो मागाहून लिही. आधी ऊठ, हे खापर घे. कोणी आलं नाही, तर विस्तव आपण न्यायचा. दारात उभी राहा, "विस्तव घे गं ठकूबाई" म्हण, आणि ओ आल्याशिवाय हलू नकोस.

बाकीचे गप्प बसा. ऐकू द्या.

एकदा हाक मारली तिने. परत मारली.

"ओ! आले गं, कोण ओरडतंय? गुडघा धरलाय मेला, मी नाही मेले अजून."

हं. घ्या आता चहा. आजही आमच्या वाडीत शेजारची ओ ऐकल्यावरच चूल पेटते.