इंजिनाचे चार पावसाळे

खेळण्यातल्या आगगाड्या बोलायच्या, त्या काळची गोष्ट. पेंढारकरकाकांच्या टेबलावर एक कोरं करकरीत छोटं इंजिन आलं. गाडी खरी वाटावी म्हणून काका ती रंगवून जुनी करायचे. सकाळी त्यांच्या म्हाताऱ्या ब्रशाने काजळी फासताच इंजिन ओरडलं, “अरे टकल्या, माझं वाटोळं केलंस!” ब्रशाला ते लागलं, पण तो काजळी फासतच राहिला. दुपारपर्यंत चाकांवर गंज चढला, कडांना चिखल लागला. पाहुणे म्हणाले, “वा, काय मुरलेलं इंजिन आहे!”

झालं! इंजिन ब्रशावरच गुरकावलं, “बाजूला हो रे पोरा! तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत मी.”

ब्रशाने उरलेसुरले सात केस झटकले. “पाहिलेस ना, बाबा. चारही आज सकाळी मीच पाडले.”