बुचभर पाणी

"...बाकी सगळं लिहून झालं, आक्का. शेवटचं प्रकरणच तेवढं येत नाही. ते कसं यावं?"

अडल्यानडल्याला सल्ला देणाऱ्या सगुणाक्का मठीच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मान वर केली नाही.

"कसलं पुस्तक?"

"माझ्याच आजारपणाचं. दोन्ही किडन्या गेल्या माझ्या. सहा वर्षं मशीनवर रक्त धुवून घेत जगले. प्रमिला दातीर. पेपरात लेख यायचे माझे, वाचले असतील तुम्ही."

"नाही वाचले. नाव काय पुस्तकाचं?"

"तहान."

आक्कांचे हात थांबले. "का गं?"

"लघवीच होत नव्हती. प्यायलेलं पाणी अंगातच साचायचं. एकदा न राहवून तांब्याभर प्याले, तर छातीत पाणी भरलं. मरता मरता वाचले. तेव्हापासून बाटलीच्या बुचानं प्यायचे. घसा सुकला की एक बूच. लोक उपासतापास करतात आणि गावभर सांगतात! माझ्यासारखी तहान कुणी काढून दाखवावी."

सांगताना प्रमिलाबाईंची मान ताठ झाली होती. व्हायलाच हवी. तहानेला सहा वर्षं दाराबाहेर उभं करणं हा काही पोरखेळ नाही.

"आणि आता?"

"आता दुसरी किडनी बसवलीय. पावसाळ्याच्या आधी. छान चालत होती..." प्रमिलाबाई अडखळल्या. "परवा रिपोर्ट बिघडला. डॉक्टर ओरडले. म्हणाले, भरपूर पाणी प्या, नाहीतर हीसुद्धा घालवून बसाल."

"मग पी की." आक्कांनी तांब्या पुढे सरकवला.

"हे नको. मला उकळलेलंच चालतं."

"बरं. तुझं पी."

प्रमिलाबाईंनी पिशवीतून बाटली काढली. बूच उघडलं. बुचात पाणी ओतलं. प्याल्या. ओठ पुसले. बूच लावून टाकलं.

आक्का बघत राहिल्या.

"झालं?"

"झालं."

"डॉक्टरनं बूच सांगितलं होतं?"

"नाही, पण..." प्रमिलाबाईंनी बाटली मांडीत घट्ट धरली. "बाटली तोंडाला लावली की छाती भरून येतेय असं वाटतं. हात खालीच येतो, आक्का. डॉक्टरांना हे सांगायची लाज वाटते."

आक्कांनी एक शेंग फोडली. दाणे सुपात पडले.

"कुणाची गं ती किडनी?"

"नाव सांगत नाहीत. अपघातात गेलेला मुलगा होता, विशीतला. त्याच्या आईनं होकार दिला. एवढंच कळलं."

"विशीतला." आक्का गालात हसल्या. "म्हणजे घरात शिरला की चपलेसकट थेट माठाकडे. घटाघटा प्यायचा, निम्मं शर्टावर. आई ओरडत असेल, बसून पी मेल्या!"

प्रमिलाबाईंनी मांडीतल्या बाटलीकडे पाहिलं.

"आणि तू त्याला बुचानं पाजतेस?"

अंगणात एक कोंबडी सालपटं उकरत होती, प्रमिलाबाई तिच्याकडे बघत राहिल्या.

आक्कांनी हात पुढे केला.

प्रमिलाबाईंनी बूच काढलं आणि त्या हातावर ठेवलं. आक्कांनी ते सालपटांत टाकून दिलं.

प्रमिलाबाई उठून उभ्या राहिल्या. डोळे मिटले. बाटली तोंडाला लावली. पाणी हनुवटीवरून गळ्यात, गळ्यातून पोलक्यात उतरलं.

"बसून पी गं मेले!"

प्रमिलाबाईंना हसू फुटलं, ठसका लागला. त्या मटकन बसल्या. दम घेतला.

"भरली छाती?"

"नाही..."

"मग?"

दमादमानं बाटली संपली. काय करावं सुचेना, म्हणून प्रमिलाबाईंनीही मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या. दोघी सोलत बसल्या. सावली ओट्यावरून खाली उतरली. मग प्रमिलाबाईंची चुळबुळ सुरू झाली.

"मागं न्हाणी आहे," आक्का म्हणाल्या. "दाराला कडी नाही. खोकत बस."

मठीमागून खोकला ऐकू आला. मग नुसतंच हसणं.

प्रमिलाबाई हातपाय धुऊन आल्या, तेव्हा तोंडही ओलं होतं, डोळेही.

"आक्का, थांबतच नव्हतं हो!"

"थांबवायचं कशाला?"

जरा वेळानं प्रमिलाबाईंना पुस्तक आठवलं. लिहिणाऱ्या माणसाची खोड, दुसरं काय.

"पण आक्का, ते शेवटचं प्रकरण? तहानच उरली नाही, तर आता लिहू काय?"

आक्कांनी सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून उठल्या. चुलीत दोन काटक्या सारल्या, फुंकर घातली.

"बाटली आण इकडं. पाणी उकळायला ठेवते."