सरकारच्या मोटारीचे तेल

शिवणगडच्या हैबतराव महाराजांची मोटार तेल पिऊ लागली! इंजिन नव्याने बांधून दोन महिनेही झाले नव्हते. तरी दर मंगळवारी देवीच्या टेकडीवर स्वारी जाऊन आली की तेलाचा अर्धा डबा रिकामा, आणि गाडीमागे निळ्या धुराचा लोट!

दिवाण गुंडोपंतांनी गुन्हेगार तत्काळ ठरवला. ज्याने इंजिन बांधले, तो इमाम मिस्त्री.

"सरकार, काम बिघडवले ते याने! घाला याला हद्दीबाहेर!"

"मला इंजिन उघडू द्या, सरकार," इमामने हात जोडले. "दोष माझा असेल तर डोळ्यांना दिसेल."

"उघडायचे?" महाराज कडाडले. "शास्त्रीबुवांनी मुहूर्त काढून पूजा केली, आम्ही मोहोर लावली, ते इंजिन? एक स्क्रूही हलता कामा नये! न उघडता सांग, आमचे तेल कोण पितो? दसऱ्याला दहा दिवस आहेत. तोवर सांगता आले नाही, तर बायकामुलांसह शीव ओलांड!"

दरबाराने माना डोलावल्या. त्या दरबाराला दुसरे काही येत नव्हते.

"न उघडता पोटातले सांगायला मिस्त्री काय ज्योतिषी आहे?"

सगळ्यांनी वळून पाहिले. दाराशी तानूबाई परटीण गाठोडे घेऊन उभी होती. स्वारीवर छत्रासारखी अब्दागिरी धरणाऱ्या अब्दागिरेवाल्यांच्या अंगरख्यांवरचे डाग निघत नाहीत, म्हणून तिला जाब विचारायला बोलावले होते. इमामने तिची इस्त्री तीनदा सांधून दिली होती, आणि तीनदा काही घेतले नव्हते. ती हे विसरणाऱ्यांतली नव्हती.

"तुला डागांचा जाब विचारला आहे," गुंडोपंत गुरकावले. "मध्ये तोंड का घालतेस?"

"जाबच देते आहे, दिवाणसाहेब. इंजिन उघडायला बंदी आहे. गाठोडे उघडायला नाही ना?"

तिने गाठ सोडली. आठ पांढरे अंगरखे निघाले. चारांवर तेलकट काळे डाग, चार स्वच्छ.

"सरकार, टेकडी चढताना गाडीमागे चार अब्दागिरेवाले चालतात. देवळापाशी पाळी बदलते, आणि उतरताना दुसरे चौघे. हे डागाळलेले अंगरखे चढणाऱ्यांचे. हे स्वच्छ उतरणाऱ्यांचे. दोन महिन्यांत एकाही मंगळवारी याच्या उलट झालेले नाही. मिस्त्री, यावरून काय समजायचे?"

इमामचा चेहरा उजळला. "व्हॉल्व्हकडून तेल गळत असते, तर उतारावर धूर निघाला असता. चढावर, इंजिनाला जोर पडला की धूर निघतो. म्हणजे तेल पिस्टनच्या रिंगा ओलांडून वर येते. रिंगा सिलिंडरला अजून घट्ट लागलेल्या नाहीत."

"ऐका, गुन्हा कबूल!" गुंडोपंतांनी टाळी वाजवली. "रिंगा घातल्या कोणी? यानेच!"

"दिवाणसाहेब, तुमच्या घरी दळायचे जाते आहे ना?"

"आहे. त्याचे काय?"

"दगडाला छिन्नीने टाकी लावून आणले की पहिले दळण कसे पडते?"

"ते बायकांना विचार! मला काय ठाऊक?"

"वाटलेच मला. टाकी लावणारा टाकी लावतो आणि जातो. दगडाला दगड लावणे हे दळणाऱ्याचे काम. आधी दाणे घालून जोराने भरड काढावी लागते. बोटाने नुसते फिरवत बसले, तर वर्षभर कण्याच पडतात. मिस्त्री, गाडी देताना काय सांगितले होतेस?"

"पहिले पाचशे मैल घाटाने न्या, कधी सावकाश, कधी वेगाने, असे सांगितले होते. दिवाणसाहेब म्हणाले, सरकारांची स्वारी म्हणजे काय टपालाची गाडी आहे?"

मोटारीपुढे चांदीच्या काठ्या घेऊन दोन चोपदार चालत, आणि सरकारांची मोटार त्यांच्या पावलांनी सरपटत असे. दोन्ही चोपदार साठीचे होते. त्यांतला एक लंगडत असे.

"मग चोर कोण?" महाराज गरजले. "नाव घे!"

"आधी अभय द्या, सरकार."

"दिले!"

"तेल आपला दिमाख पितो."

कोणाला तरी ठसका लागला. महाराजांच्या मिशा थरथरल्या. "सिद्ध कर!"

"आठ दिवस चोपदार आणि अब्दागिरेवाले घरी बसवा. गाडी रोज करवंदीच्या घाटाने पळवा. गाडीत ओझेही हवे."

"ओझे कसले?"

तानूबाईने दरबारावरून एकवार नजर फिरवली. "सरकार, इतकी मंडळी समोर बसलेली असताना ओझे कसले म्हणून विचारता?"

त्याप्रमाणे आठ दिवस गुंडोपंत आणि तीन कारभारी मोटारीत बसून, दोन्ही हातांनी पगड्या धरून, घाट चढले आणि उतरले. गुंडोपंतांच्या तोंडी देवाचे नाव एरवी देवळात पानसुपारी वाटली जात असतानाच येई; आता ते प्रत्येक वळणावर येऊ लागले.

नवव्या दिवशी मंगळवार होता. तानूबाईने मोटारीच्या मागे धुतलेली पांढरी चादर बांधली. महाराजांनी स्वतः चाक धरले, वेगाने टेकडी चढून देवीला हात जोडले आणि परत आले. इमामने इंजिनातले तेल मोजायची पट्टी काढून दाखवली. तेल होते तेवढेच होते! चादर सोडून उलगडली. तिच्यावर तांबडी धूळ होती. तेलाचा डाग एकही नव्हता.

गुंडोपंतांना हे सोसवेना. "पण सरकार, पुढे चोपदार नाहीत, मागे अब्दागिरी नाही! महाराजांची स्वारी येते आहे, हे रयतेला कळायचे तरी कसे?"

"आजवर धुरावरून कळत होते, दिवाणसाहेब," तानूबाई चादरीची घडी घालत म्हणाली. "आता सरकारांच्या तोंडावरून कळेल!"

महाराजांनी क्षणभर तिच्याकडे रोखून पाहिले, आणि मग ते असे हसत सुटले की त्यांचा हात मोटारीच्या भोंग्यावर पडला आणि सगळा दरबार दचकून एक पाऊल मागे सरला!

इमाम मिस्त्री सरकारी मोटारखान्याचा मुख्य झाला. ओढ्यावरचा कपडे धुण्याचा घाट तानूबाईच्या नावे वंशपरंपरा लिहून दिला गेला. आणि चोपदारांच्या त्या दोन चांदीच्या काठ्या, महाराजांच्या हुकुमाने, तिच्या अंगणात वाळत घालायच्या दोरीला टेकू म्हणून रोवल्या गेल्या.