मास्तरांना काय येत नाही

एका तालुक्यात एक भोळा मास्तर होता. वामन टेंभरे त्याचं नाव. तो अजूनही आहे, आणि तोच तुम्हाला ही गोष्ट सांगतोय. दुसऱ्या कुणी सांगितली तर तिखटमीठ लावून सांगेल. मला तिखटमिठाची गरज नाही, म्हणून मीच सांगतो.

मी सावरटेकच्या शाळेत तिसरीला शिकवायचो. अक्षर बरं होतं, म्हणून मला तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात बोलावून घेतलं. तिथल्या वरिष्ठ म्हणजे रायपुरे मॅडम. तालुक्यातल्या सगळ्या शाळा त्यांच्या हाताखाली. मॅडम म्हणाल्या, "टेंभरे, मे महिन्यात शिक्षकांचं प्रशिक्षण असतं. दरवर्षी आपण काहीतरी शिकवतो आणि शिक्षक बसल्या बसल्या झोपतात. यंदा आधी शोधायचं, की त्यांना काय शिकायची गरज आहे. महिनाअखेर अहवाल जिल्ह्याला गेला नाही, तर तेच जुनं प्रशिक्षण पुन्हा येईल. बेचाळीस जणांची सुट्टी पाण्यात. कळलं?"

"कळलं."

"मग उद्या शाळेत जा. शिक्षकांना विचारा, तुमची गरज काय आहे."

मी वहीत लिहून घेतलं. मला सांगितलेलं मी कधी विसरत नाही. सगळा घोटाळा तिथेच आहे.

दुसऱ्या दिवशी मी उंबरटाक्याच्या शाळेत गेलो. आठ शिक्षक होते. एकेकाला विचारलं, "तुमची गरज काय आहे?" सगळे खूश झाले. इतक्या वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. मी यादी करून मॅडमपुढे ठेवली. मॅडम मोठ्याने वाचू लागल्या.

"बदली. बदली. छपराचे चार पत्रे. बदली. गुडघ्याला तेल. मोठ्या मुलीसाठी नोकरीवाला मुलगा, शक्यतो पाटबंधारे खात्यातला." मॅडमनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "टेंभरे, हे काय आहे?"

"गरजा आहेत. मुलगी बीए झालेली आहे."

"अहो, शिकण्याची गरज! ती विचारून कळत नाही. ती बघून कळते. मागच्या बाकावर बसायचं, नुसतं बघायचं. तोंडातून एक शब्द काढायचा नाही."

"आता कळलं," मी म्हणालो.

दोन दिवसांनी मॅडमनी मला ढोमणे बाईंची मुलाखत घ्यायला पाठवलं. बाई एका आडवळणाच्या शाळेत बारा वर्षं मुख्याध्यापिका होत्या. शाळा सुटली होती. बाई टेबलाशी एकट्याच लिहीत होत्या. मी नमस्कार केला, पाठीमागे जाऊन भिंतीजवळच्या बाकावर बसलो आणि बाईंकडे बघू लागलो.

"कार्यालयातून आलात ना?" बाईंनी विचारलं.

मी बघत राहिलो.

"पाणी देऊ?"

तहान लागली होती. पण पाणी हवं म्हणायला शब्द लागतो. मी बघत राहिलो.

दहा मिनिटं गेली. बाईंनी हजेरीपट नीट केला. तांदळाच्या कोठीची किल्ली माझ्यापुढे ठेवली. मी बघत राहिलो. अर्ध्या तासाने बाईंचे डोळे भरून आले.

"सांगते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कळलेलंच दिसतंय. पहिलीची पोरं घरी गोंडी बोलतात. मला ती भाषा येत नाही. बारा वर्षं झाली. पोरं हसली की मी हसते. परवा एक पोरगी रडत काहीतरी सांगत होती. मी तिला खाऊ दिला. तिच्या पोटात दुखत होतं हो!"

मला फार वाईट वाटलं. धीर द्यावासा वाटला. पण मॅडमचा शब्द होता. मी उठलो, नमस्कार केला आणि निघून आलो.

"काय म्हणाल्या बाई?" मॅडमनी विचारलं.

मी ओठ घट्ट मिटले आणि मॅडमकडे बघू लागलो. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग म्हणाल्या, "टेंभरे, मी तुम्हाला बोलण्याचा आदेश देते."

तेव्हा मी सगळं सांगितलं. पुढच्याच आठवड्यात मॅडमनी त्या शाळेत गोंडी बोलणारी एक अंगणवाडी ताई आठवड्यातून दोन दिवस पाठवायला सुरुवात केली. माझ्या सगळ्या कामात धड झालेली ही एकच गोष्ट. त्यात माझा वाटा गप्प बसण्याचा.

"पण मुलाखतीत बोलायचं असतं," मॅडम म्हणाल्या. "समोरच्याने काही सांगितलं की विचारायचं, का? त्याचं उत्तर आलं की पुन्हा, का? मुळाशी पोचेपर्यंत सोडायचं नाही."

"आता कळलं."

पुढची पाळी नेवारे गुरुजींची. त्यांचा गणिताचा तास बघायला मला पाठवलं होतं. गुरुजी म्हणजे शांत माणूस. फळ्यावर बेरीज मांडून म्हणाले, "आठ आणि सात पंधरा. पाच लिहिले, हातचा एक."

मी मागून विचारलं, "का?"

गुरुजी दचकले. "दशक आहे म्हणून."

"का?"

"दहा एककांचा एक दशक होतो."

"का?"

पोरांना हे फार आवडलं. चौथ्या खेपेला माझ्याबरोबर तीस पोरं ओरडली, "का?" शेजारच्या वर्गातून आवाज आला, "का?" गुरुजी म्हणाले, "शांत बसा." सगळे म्हणाले, "का?"

गुरुजींनी खडू माझ्या हातात दिला. "या साहेब. तुम्हीच सांगा, का ते."

मी फळ्याजवळ गेलो. हातच्याकडे बघितलं. सोळा वर्षं मी हातचे घेत होतो आणि मला स्वतःला माहीत नव्हतं, का. पोरं वाट बघत होती. शेवटी मी खडू ठेवला आणि सायकल काढली. गावाच्या वेशीपर्यंत पोरं मागे "का? का?" करत आली. झाडावरचे कावळेसुद्धा त्यांना सामील झाले.

नेवारे गुरुजी दोन दिवस रजेवर गेले.

मॅडमनी चष्मा पुसला. "टेंभरे, माणसाला असं चारचौघांत उघडं पाडायचं नसतं. गुप्तता हवी. प्रश्नावली भरून घ्यायची, ती निनावी. कोणी लिहिलं, कुणाबद्दल लिहिलं, कुणालाही कळता कामा नये."

"आता कळलं."

"सगळ्यांना सोमवारी सभागृहात बोलवा. मी प्रश्नावली वाटते. तुम्ही फक्त पत्रं पाठवा."

फक्त पत्रं. मी रविवारची सकाळ घालवून बेचाळीस पत्रं लिहिली. गुप्तता पूर्ण राखली. खाली सही केली नाही, वर कार्यालयाचं नाव घातलं नाही. अक्षर ओळखीचं, म्हणून डाव्या हाताने लिहिलं. मजकूर असा:

'तुमच्यात काय कमी आहे, ते आम्हाला शोधायचं आहे. सोमवारी अकरा वाजता सभागृहात यावे. कुणाला काही कळणार नाही.'

मग अंधारात टॉर्च घेऊन घराघराच्या दाराखालून सरकवली.

सोमवारी अकराला बेचाळीसच्या बेचाळीस हजर! असं तालुक्यात कधी झालं नव्हतं. एक गुरुजी शाळेचं घड्याळ परत घेऊन आले. एक बाई वकील भावाला घेऊन आल्या. एका नवीन लग्न झालेल्या गुरुजींबरोबर त्यांचे सासरे आले होते. ते सारखे विचारत होते, "जावयात काय कमी आहे, ते आम्हाला कळलंच पाहिजे." आणि सगळ्यांच्या मागे फौजदार, हातात माझं पत्र.

प्रश्नावली वाटायची राहूनच गेली. फौजदारांना समजावण्यात मॅडमचा दिवस गेला. दुसऱ्याच दिवशी महिना संपला. अहवाल गेला नाही. जिल्ह्याहून जुनंच प्रशिक्षण आलं: 'फळ्याचा परिणामकारक वापर'. चार वर्षं तेच चाललं होतं.

मॅडम थकल्या होत्या. म्हणाल्या, "आता एकच उपाय. पहिल्या दिवशी पूर्वचाचणी घ्या. ज्यांना आधीच येतं त्यांना तरी सोडवू. हा पंचवीस गुणांचा पेपर. सभागृहात दिसेल त्या प्रत्येकाला द्यायचा. लहान-मोठा बघायचा नाही. पंधराच्या वर गुण तो घरी. खाली असेल तो पाच वाजेपर्यंत जागचा हलता कामा नये. यात काही अवघड आहे?"

"काहीच नाही. प्रत्येकाला. लहान-मोठा बघायचा नाही."

प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी सकाळी मॅडम मोठ्या साहेबांना आणायला गेल्या. साहेब जिल्ह्याहून उद्घाटनाला येणार होते. मी सभागृहात दिसेल त्याला पेपर दिला. बेचाळीस शिक्षकांना दिला. शिकवायला आलेल्या तीन तज्ज्ञांना दिला. त्यांनी आधी नाही म्हटलं, पण मी हललोच नाही. केटली घेऊन चहा देणाऱ्या हरबाजीलाही दिला.

"मले बी लिहा लागते का जी?" हरबाजी म्हणाला.

"प्रत्येकाला."

शिक्षकांनी चार वर्षं तेच ऐकलेलं. दहा मिनिटांत पेपर दिले, सगळे पास. मी म्हणालो, "घरी जा." ते इतक्या वेगाने गेले की दोघांच्या चपला राहिल्या. तज्ज्ञ यंदा नवीन होते, त्यांनी फळा बऱ्याच वर्षांत बघितला नव्हता. तिघेही नापास. हरबाजी चार वर्षं दारात उभा राहून ऐकत होता. त्याला चोवीस.

मी तज्ज्ञांना पहिल्या बाकावर बसवलं. शिकवता येणारं माणूस एकच उरलं होतं. मी हरबाजीची केटली खाली ठेवली आणि त्याच्या हातात डस्टर दिलं.

तेवढ्यात मॅडम साहेबांना घेऊन आत आल्या. मी दोघांना पेपर दिले. साहेबांना वाटलं, पाहुण्यांनी अभिप्राय लिहायचा कागद असेल. त्यांनी उभ्या उभ्या भरला. मॅडम मला डोळ्यांनी काहीतरी सांगत होत्या. पण तोंडी आदेश नव्हता.

मी तिथेच लाल पेनाने तपासलं. 'फळा कोणत्या दिशेने पुसावा?' साहेबांनी लिहिलं होतं, 'प्रचलित नियमांनुसार.' 'खडू कसा धरावा?' 'सदर बाब तपासून अहवाल सादर करावा.' मॅडमनी पेपर कोराच ठेवला होता.

"शिक्षक कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"घरी गेले. त्यांना सगळं येतं."

"मग मी भाषण कुणापुढे करू?"

"भाषण नाही, साहेब. तुम्हाला पंचवीसपैकी शून्य आहे. मॅडमनाही शून्य. पाच वाजेपर्यंत हलता येणार नाही." मी दाराला आतून कडी लावली आणि कडीला पाठ टेकून उभा राहिलो. साहेब मॅडमकडे बघू लागले. मॅडमनी चष्मा काढला. या वेळी पुसलाही नाही, परत घातलाही नाही. त्या मुकाट पहिल्या बाकावर बसल्या. मग साहेबही बसले.

मी हरबाजीला म्हणालो, "हं, करा सुरू. आणि जरा सावकाश. साहेबांना अगदी पहिल्यापासून शिकवावं लागेल."