गेणू इशारेवाला

एका गावात एक भोळा असतोच. हिवरखोऱ्यातला भोळा पगारी होता, एवढाच काय तो फरक.

त्याचं नाव गेणू. तिशी उलटलेली, अंगानं धडधाकट, मनानं निर्मळ. डोक्याचं काय, ते पुढं कळेलच. सांगितलेलं काम तो सांगितल्याबरहुकूम करायचा. आई म्हणायची, "दुधाकडं बघ रे." गेणू बघायचा. दूध वर यायचं, गेणू बघायचा. दूध उतू जायचं, चूल विझायची, गेणू आपला बघतच असायचा. आई येऊन कपाळावर हात मारून घ्यायची, तर हा म्हणायचा, "एकदासुद्धा नजर हलवली नाही गं."

असा माणूस बाहेर कुठं खपणार? पण त्याची चुलतबहीण हणमंत ढोबळ्यांना दिली होती आणि ढोबळ्यांचा गावात केबलचा धंदा होता. गावचं स्वतःचं चॅनेल. सकाळी भजनं, दुपारी खताच्या जाहिराती, संध्याकाळी कुणाच्या तरी लग्नाचं शूटिंग. बहिणीनं दोन दिवस चूल पेटवली नाही, तेव्हा तिसऱ्या दिवशी ढोबळ्यांनी गेणूला कामावर घेतलं.

ढोबळे हुशार माणूस. निदान त्यांचं स्वतःचं मत तसं होतं. एकदा त्यांनी शहरातून मराठीत डब केलेली एक कार्टून मालिका स्वस्तात उचलून आणली. कार्टून म्हणजे पोराटोरांचं, हे काय कुणी सांगायला हवं? सीडीच्या डबीवर 'फक्त प्रौढांसाठी' असं ठसठशीत छापलेलं होतं. पण डबीवरचं वाचतो तो धंदा काय करणार!

मालिकेचं नाव 'अंतराळ खानावळ'. शनीच्या कड्यावर एक खानावळ. तिची मालकीण तीन डोक्यांची. तिन्ही डोकी एकमेकांना अशा शिव्या घालायची की ट्रॅक्टरवाल्यांनी लाजावं. दर भागात एखादं गिऱ्हाईक फुगून फुगून फुटायचं, भिंतीवर उडायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याचीच आमटी व्हायची. भाज्या बोलायच्या. चिरायला घेतलेलं वांगं हात जोडून म्हणायचं, "बाई, घरी माझी लेकरं आहेत हो." बाई म्हणायची, "बरं झालं सांगितलंस," आणि लेकरंही आणवायची.

मोठ्या माणसाला हे बघून हसू यायचं आणि हसल्यावर स्वतःचीच लाज वाटायची. मालिका त्यासाठीच काढली होती. ढोबळ्यांनी ती रविवारी दुपारी बाराला लावली. पोरं जेवायला बसतात तेव्हा.

त्या रविवारी हिवरखोऱ्यात एकाही घरात वांगं खपलं नाही. शाळेच्या कोकणेबाईंचा नातू तर ताटातल्या भाजीची हात जोडून माफी मागत बसला. संध्याकाळी पंधरावीस माणसं ढोबळ्यांच्या दारात.

"वेळ बदला," कोकणेबाई म्हणाल्या.

"वेळ कशी बदलणार बाई? बाराची वेळ खतवाल्यांनी धरलीय." ढोबळ्यांनी थोडा विचार केला. "आपण असं करू. आधी इशारा देऊ."

लोक खूश होऊन घरी गेले. इशाऱ्यानं काय होणार, हे एकानंही विचारलं नाही. आणि म्हणे भोळा गेणू!

ढोबळ्यांनी गेणूला बोलावलं. "गेण्या, पुढचा भाग तू आधी बघायचा. त्यात मनाला लागण्यासारखं काय काय आहे ते कार्यक्रमाच्या आधी लोकांना सांगायचं. काही लपवायचं नाही."

"नाही लपवणार दाजी."

गेणूनं भाग पाहिला. त्यात दोडक्याचं लग्न होतं आणि अक्षता पडायच्या आत नवरा दोडका किसला गेला. गेणू ढसाढसा रडला. त्याला तसलं काही सोसायचं नाही. पण कामापुढं रडणं कुठलं? रविवारी डोळे पुसून तो कॅमेऱ्यासमोर बसला.

"मंडळी," तो म्हणाला, "आजच्या भागात मनाला लागण्यासारखं फार आहे." आणि त्यानं सांगायला सुरुवात केली. कोण कसं मेलं, किती तुकडे झाले, तुकडे कुठं पडले. मग शिव्यांकडं वळला. पहिल्या डोक्यानं दुसऱ्या डोक्याला घातलेल्या, दुसऱ्यानं तिसऱ्याला घातलेल्या, मग तिन्ही डोक्यांनी मिळून वाढप्याला घातलेल्या. गेणूचा उच्चार फार स्वच्छ. शाळेत पाठांतराचं बक्षीस मिळालेलं. बावीस मिनिटांचा भाग, गेणूचा इशारा चाळीस मिनिटं चालला. कार्यक्रमाच्या वेळी पोरांना बाहेर काढायचं असं आयाबायांनी ठरवलं होतं. पण कार्यक्रम अजून सुरूच झाला नव्हता ना! पोरं मांडी घालून ऐकत होती. दोघा-तिघांनी वहीत उतरवूनही घेतलं.

ढोबळे धावत आले. "अरे गाढवा, आतलं सगळं ओकायचं नसतं! थोडक्यात आटपायचं. 'मन घट्ट करा, पुढचं दृश्य बघवणार नाही.' एवढंच म्हणायचं. घोक."

गेणूनं घोकलं. मन घट्ट करा, पुढचं दृश्य बघवणार नाही. जेवताना, झोपताना, अंघोळीला बसल्यावर.

पुढच्याच गुरुवारी शिरसाटांच्या मुलीचं लग्न. चॅनेलवर थेट दाखवायचं होतं. कॅमेरा ढोबळ्यांच्या हातात, माईक गेणूच्या. मंगलाष्टकं संपत आली. अंतरपाटाच्या अलीकडं नवरा, पलीकडं नवरी. दोघांनी एकमेकांना धड पाहिलेलंही नव्हतं. आता अंतरपाट निघणार, सगळा मांडव श्वास रोखून उभा. गेणूला वाटलं, हीच ती वेळ. कार्यक्रमाच्या आधी सांगायचं असतं.

"मन घट्ट करा!" स्पीकरमधून खणखणीत आवाज आला. "पुढचं दृश्य बघवणार नाही!"

आणि अंतरपाट खाली आला.

नवरी सावळी होती, नवऱ्याचे दात पुढं होते. दोघांनाही वाटलं, हे आपल्यालाच. नवरी रडायला लागली. नवऱ्यानं तोंड मिटलं ते सप्तपदी होईपर्यंत उघडलं नाही. मुलीच्या मामानं गेणूच्या कानाखाली अशी लगावली की माईकनं सुद्धा कुंई केलं.

ढोबळ्यांनी त्याला ओढत मांडवाबाहेर नेलं. "अरे, माणसं जमून कार्य करतात तिथं असं अभद्र बोलतात? तिथं म्हणायचं, 'लहानथोरांनी डोळे भरून बघा, असा प्रसंग या घरात पुन्हा पुन्हा येवो!'"

"एवढंच ना दाजी? मग आधीच सांगायचं," गेणू कान चोळत म्हणाला. त्याला मनापासून वाईट वाटलं होतं. नवरी त्याला चांगली देखणी दिसली होती. त्यानं नवं वाक्य घोकलं.

आठ दिवसांनी आबा वाकचौरे गेले. नव्वदीचा म्हातारा, पाच मुलगे. जिवंतपणी आबांना दोन वेळचा चहा कुणी वेळेवर दिला नाही, पण दहावा चॅनेलवर दाखवायचाच असं पाचांचंही एकमत झालं. नदीवर ही गर्दी. मुलगे ओळीनं बसलेले, कॅमेरा फिरला की रडायचे. गेणूनं पाहिलं. माणसं जमलेली आहेत, कार्य चाललंय, भटजी आहेत, पत्रावळी आहेत. त्यानं घसा साफ केला.

"लहानथोरांनी डोळे भरून बघा! असा प्रसंग या घरात पुन्हा पुन्हा येवो!"

थोरला मुलगा रडायचा थांबला. आता पुढचा नंबर वयानं त्याचाच होता. उरलेले चौघं मात्र घटकाभर विचारात पडल्यासारखे दिसले, असं बघणारे सांगतात. मग पाचही जण उठले आणि गेणूला नदीत बुडवून काढलं. दोनदा.

ओला गेणू ऑफिसात येऊन उभा राहिला. ढोबळ्यांनी हात जोडले. "बाबा, तू बोलूच नकोस. आजपासून तुझं तोंड बंद. तू आत मशीनपाशी बस. हे बटण दाबलं की पडद्यावर धुकं येतं, जे वाईट दिसेल ते झाकायचं. हे बटण दाबलं की शिट्टी वाजते. वाईट शब्द आला की वाजवायची. मालिकेलाही हेच, बाकी सगळ्यालाही हेच."

"वाईट म्हणजे कोणतं दाजी?"

"लोकांच्या मनाला लागतं ते! एवढंही कळत नाही?"

गेणूला कळलं नव्हतं, म्हणून तो विचारायला गावात फिरला. कुणाच्या मनाला काय लागतं? एक म्हणाला, "पाणी. चार दिवसांनी येतं, तेही अर्धा तास." दुसरा म्हणाला, "रस्ता." तिसरा म्हणाला, "गटार, दुसरं काय?" पारावरची म्हातारी म्हणाली, "तो निधी का काय, त्याचं नाव काढलं की माझं पित्त खवळतं. आणि त्या सरपंचाचं तोंड, ते तर बघवतच नाही बाई." गेणूनं सगळं लक्षात ठेवलं. चौकशी न करता कामाला लागणारा तो माणूस नव्हता.

शुक्रवारी ग्रामसभा थेट दाखवली. सरपंच रंगनाथ उगले नवा फेटा बांधून उभे राहिले. पडद्यावर फेटा दिसत होता, खाली धुकं.

"बंधू-भगिनींनो," धुकं बोलू लागलं, "मी शब्द दिला होता, तुमच्या घरात टुंई आणीन. आज मी टुंईवर टुंई घातला आहे. आपल्या आयाबहिणींना आता टुंईत उतरावं लागणार नाही. वरून आलेला सगळा टुंई मी तुमच्या टुंईतच घातला!"

हिवरखोऱ्यानं पहिल्यांदाच सरपंचांचं भाषण शेवटपर्यंत ऐकलं. पोरं तर म्हणाली, हे कार्टून आधीच्यापेक्षा भारी आहे. सरपंच छाती काढून घरी गेले, तर दारातच बायको उभी.

"काय बोललात तुम्ही सभेत? आयाबहिणींसमोर?"

"विकासाबद्दल बोललो गं!"

"मग शिट्ट्या का वाजवाव्या लागल्या?"

सरपंचांनी तिथल्या तिथं जिल्ह्याला तक्रार ठोकली. या चॅनेलवर मन विचलित करणारं दाखवतात, बंद करून टाका.

ढोबळे हादरले. चॅनेल गेलं तर काय राहिलं? गेणूची मात्र वेगळीच तारांबळ. नोकरी गेली तर आईला काय तोंड दाखवायचं? 'माझा गेणू टीव्हीत आहे' असं ती सगळ्या आळीला सांगून बसलेली.

"दाजी, माझं चुकलं तरी काय?"

"अरे, मोठ्या माणसाला झाकतात का कुठं?" ढोबळे किंचाळले. "मोठा माणूस दिसला की तो जवळून दाखवायचा! स्वच्छ! जे करेल ते करेल, सगळ्या गावाला दिसलं पाहिजे! समजलं?"

"समजलं. जवळून. स्वच्छ."

रविवारी जिल्ह्याहून तपासणीला साहेब आले. जाडजूड, घामाघूम, तोंडात सुपारी. तक्रारीचा कागद त्यांनी ढोबळ्यांना दाखवला आणि लगेच विचारलं, "जेवणाचं काय केलंय?"

ढोबळ्यांनी सगळं केलं होतं. मटण होतं, बाटली होती. ऑफिसात थंड हवेची खोली एकच, ती म्हणजे स्टुडिओ. तिथंच ताटं मांडली. कॅमेरा जागेवर उभा होता, त्याच्याकडं कोण बघतो? कोपऱ्यात टीव्ही चालू होता, आवाज बंद करून ठेवलेला.

"गेण्या, तू मशीनपाशी बस. दार लावून घे," ढोबळे हळूच म्हणाले. "आणि नीट वाग. साहेब फार मोठा माणूस आहे."

"मोठा?" गेणूनं विचारलं.

"खूप मोठा!"

गेणू मशीनपाशी जाऊन बसला. बाराला दोन मिनिटं कमी होती. 'अंतराळ खानावळ' लावायची वेळ. पण मोठा माणूस आला असताना कार्टून कसलं लावायचं? त्यानं मशीनवरूनच स्टुडिओचा कॅमेरा आणि माईक चालू केला, कॅमेरा साहेबांवर आणला, आणि जवळ, आणखी जवळ नेला. तोंड उघडू नको असं दाजींनी बजावलं होतं. म्हणून त्यानं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, मशीनच्या छोट्या कॅमेऱ्याखाली कागद धरला आणि आधी तेवढं दाखवलं: 'मन घट्ट करा. पुढचं दृश्य बघवणार नाही.' मग कागद काढून घेतला.

गावानं मन घट्ट केलं.

साहेब नळीतला मगज ओढत होते. रस्सा हनुवटीवरून ओघळून शर्टावर येत होता. एक पेला झाला, दुसरा झाला. ढोबळे सरपंचांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. साहेब ढेकर देऊन म्हणत होते, "इशाऱ्याची पट्टी लावत जा हो. पट्टी लावली की खाली काय वाटेल ते दाखवा. लोक काय, गुरं आहेत गुरं." घराघरांत घास हातातच राहिले. कोकणेबाईंनी नातवाचे डोळे झाकले आणि त्यांना वाटलं, तीन डोक्यांची बाई बरी होती.

तिसऱ्या पेल्यानंतर साहेबांची नजर कोपऱ्यातल्या टीव्हीकडं गेली. ती जरा धुरकटलेली होती.

"हेच का ते तुमचं कार्टून?"

ढोबळ्यांची टीव्हीकडं पाठ होती. ते रस्सा वाढत होते. "हो साहेब. रविवारी बाराला हेच असतं."

साहेब बराच वेळ बघत राहिले. त्यांच्या तोंडातला घास फिरेना.

"शी शी शी! काय हा प्राणी! जबडा बघा, जबडा. कुणाला खातोय कुणास ठाऊक. डोळे कसे डुकरागत, तोंडातून काय गळतंय... अहो, तक्रार खोटी नाही तुमच्या सरपंचांची. मीसुद्धा विचलित झालो. पोराबाळांच्या घरात असलं दाखवता?" त्यांनी हातातली नळी टीव्हीच्या दिशेनं उगारली. टीव्हीतल्या प्राण्यानंही नळी उगारली. साहेब दचकून मागं सरले. "अंगावर येतंय ते! बंद करा! आत्ताच्या आत्ता बंद करा!"

"गेण्या!" ढोबळे ओरडले. "ऐकलंस का? साहेब काय म्हणतात? बंद कर ते लगेच!"

दार किलकिलं झालं. गेणू आत डोकावला. साहेब मोठा माणूस, म्हणून त्यानं आधी वाकून नमस्कार केला. मग अगदी अदबीनं म्हणाला,

"करतो ना दाजी. पण आधी त्यांचं जेवण तर होऊ द्या."