कलंडोबा आणि शिव्यांचा मान

तांबघोळच्या वरच्या अंगाला जो डोंगर एका बाजूला कललेला दिसतो, तो कलंडोबा. एस.टी.तून उतरलात की समोर तोच. तरी येणारे विचारतात, "आजोबा, तो वाकडा डोंगर कुठं आहे?" मग पायथ्याला जाऊन दोन्ही हात वर करतात आणि डोंगर आपणच धरून ठेवलाय असा फोटो काढून घेतात. आधी नवरा, मग बायको, मग मेहुणा. अरे बाबांनो, तुमचे आजे-पणजे जन्मायच्या आधीपासून तो तसाच आहे. तुमच्या हातांवाचून त्याचं काही अडलेलं नाही.

कोणी विचारतं, तुमच्याकडं नवा सरपंच खुर्चीवर बसायच्या आधी त्याला या डोंगराखाली उभं करून शिव्या देतात, हे खरं का? खरं आहे. पण शिव्या कोणीही द्यायच्या नसतात. त्याच्या जवळच्या मित्रानं द्यायच्या, सगळ्या गावासमोर, आणि सरपंचानं मान खाली घालून ऐकायच्या. त्याला आम्ही शिव्यांचा मान म्हणतो. हसताय? हसा. पण तो कशामुळं पडला ते ऐकून घ्या, आणि मधे मधे 'मग पुढं काय' असं विचारू नका. पुढचं पुढंच येतं.

फार पूर्वी डोंगर असे एका जागी बसलेले नसायचे, असं सांगतात. ते उठायचे, चालायचे, ऊन लागलं की कूस बदलायचे. त्यांचा राजा म्हणजे थोरला कडा. ढग नसले तर तो अजून मागं दिसतो. थोरल्याचा दरबार भरायचा आणि कोणी कुठं बसायचं, कोणी कुठला वारा अडवायचा, हे तिथं ठरायचं. त्या दरबारात आमचा हा डोंगर अगदीच लहान. पण खांबासारखा सरळ, म्हणून त्याचं नाव तेव्हा उभ्या होतं.

माणसं डोंगरांना भ्यायची. नारळ ठेवायची, शेंदूर लावायची, पाऊस माग, पोर माग, असं चालायचं. डोंगरापुढं सगळे मागायचे. डोंगराशी बोलायचं मात्र कोणी नाही.

गावात राही नावाची एक गवळ्याची विधवा होती. म्हशी राखायची, दही-लोणी करायची, आणि तोंडाची अशी फटकळ होती की तिच्या वाटेला कोणी जात नसे. एकदा उभ्याच्या अंगावरचा एक दगड सुटला आणि तिच्या म्हशीचं शिंग मोडलं. राहीनं पदर खोचला आणि वर बघून सुरू झाली.

"अरे ए धोंड्या! एवढा ताडमाड वाढलास, अंगावरचे दगड सांभाळता येत नाहीत? माझ्या म्हशीनं तुझं काय घोडं मारलं होतं? काय ते अंगावर शेवाळ, काय ती कानात झुडपं! आई नव्हती का तुला न्हाऊ-माखू घालायला?"

गाव दारं लावून बसलं. आता डोंगर अंगावर येतो म्हणून. पण उभ्याला म्हणे त्या दिवशी इतकं बरं वाटलं, की दुसऱ्या दिवशी त्यानं मुद्दाम एक खडा सोडला. कोणाला लागणार नाही असा. राहीनं परत कंबर कसली.

"तुला दुसरं काम नाही का रे?"

"नाही," उभ्या म्हणाला.

तेव्हा जी दोस्ती झाली ती झाली. तिच्या म्हशींना चढायला जड जाऊ नये म्हणून त्यानं आपली एक बाजू सपाट केली. तिचं दही आंबू नये म्हणून पोटातली एक गार कपार तिला दिली. ती रोज यायची, त्याला चार शब्द सुनवायची, आणि मग बसून गावातलं सगळं सांगायची. कुठली म्हैस रुसली, कोणाची सून माहेरी गेली, दुधात पाणी कोण घालतं. डोंगर ऐकायचा. त्याला आयुष्यात कोणी काही सांगितलेलंच नव्हतं.

आता दरबाराचं ऐका. डोंगर झिजत होते. प्रत्येक ओढा डोंगराची माती घेऊन दर्याला नेऊन घालत होता. खालच्या अंगाला एक टेकडी होती, म्हणे. ती झिजत झिजत एका पावसाळ्यात गेलीच. तिच्या जागी नुसता चिखल उरला. डोंगरांत रडारड झाली. तेव्हा थोरल्यानं ठरवलं, की सगळ्या खिंडी बंद करायच्या. प्रत्येकानं आपापल्या खिंडीत घट्ट बसायचं. ओढा नाही, की माती जाणं नाही. डोंगरांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही शहरातली माणसं लगेच त्यांना राक्षस ठरवून मोकळे होता.

हे काम बघायला कारभारी पाहिजे. थोरल्याला उभ्या आठवला. सरळ आहे, शब्दाचा पक्का आहे. त्याच्या डोक्याला ढगाचा फेटा बांधला आणि झाला कारभारी. उभ्या खूश. लहान डोंगराला एवढा मान कधी मिळालेला नव्हता. तो खोऱ्याखोऱ्यांतून फिरला, तू इथं बस, तू तिथं बस, असं सांगत. सगळे बसले. आपली स्वतःची खिंड मात्र त्यानं शेवटाला ठेवली. त्याच खिंडीतून आमच्या गावाचा ओढा येतो. गावाला दुसरं पाणी नाही, आणि तेव्हाही नव्हतं.

इथं माझं डोकं फिरतं. बाबा रे, तुझी एवढी दोस्ती आहे, तर पहिल्या दिवशीच तिला सांग ना. असा असा हुकूम आहे, मी त्यात अडकलोय. ती शिव्या देईल. देईना! रोजच देते. पण नाही. हा गप्प.

राहीनं विचारलंसुद्धा. "डोक्याला काय गुंडाळलंयस?"

"फेटा आहे."

"शोभत नाही. ओलं घोंगडं ठेवल्यासारखं दिसतंय. आणि काय रे, पलीकडच्या खोऱ्यातला ओढा आटला म्हणतात. माणसं घागरी घेऊन वणवण फिरतायत. तुला काही ठाऊक आहे का?"

"बघतो."

"काय बघतोस?"

"वर बोलतो."

"मेल्या, डोंगराच्या वर कोण असतं रे?"

उभ्या फेटा सारखा करत बसला. खुर्ची मिळाली की हे 'बघतो' आणि 'वर बोलतो' कुठून तोंडात येतं देव जाणे. दगडालासुद्धा येतं.

इकडं डोंगरांत कुजबुज सुरू झाली. आम्हाला बसवलं आणि कारभाऱ्याची खिंड तेवढी उघडी? एकानं गुडघे हलवले, दुसऱ्यानं पाठ उचलली. हे सगळे उठले असते तर हुकूम तिथंच मोडला असता आणि बारक्या टेकड्या पहिल्याच पुरात वाहून गेल्या असत्या. त्या टेकड्या उभ्याकडंच बघत होत्या. कारभारी आहेस ना, मग राख आम्हाला. खाली राही आणि तिचं गाव, वर या टेकड्या. उभ्या इकडं बघे, तिकडं बघे. शेवटी थोरल्याचा निरोप आला, आज बस.

आणि भर दुपारी उभ्या खिंडीत बसला. जमीन हादरली. ओढा थांबला. उघड्या पडलेल्या गोट्यांत मासे तडफडायला लागले.

गाव धावत आलं. नारळ फोडले, बोकड कबूल केला, लोटांगणं घातली. उभ्यानं तिकडं लक्ष दिलं नाही. तो राहीची वाट बघत होता. तिच्या शिव्या खायला, असं सांगतात, तो तयार होऊन बसला होता. त्याला त्या हव्याच होत्या. समोरच्यानं तोंडावर बोललं तर निदान उलट काही म्हणता येतं. माझंही ऐक, असं म्हणता येतं.

राही सगळ्यांच्या शेवटी आली. डोक्यावर बोचकं, पुढं म्हशी. डोंगराला वाटलं आता पदर खोचेल.

"बोल की," तो म्हणाला.

तिनं बोचकं खाली ठेवलं. बाकीच्या बायांसारखे दोन्ही हात जोडले आणि शेंदूर लावलेल्या दगडावर डोकं टेकवलं. जन्मात तिनं कधी त्याला नमस्कार केला नव्हता.

"येते, कारभारी," एवढंच म्हणाली. बोचकं उचललं आणि म्हशी घेऊन खालच्या वाटेला लागली.

उभ्या बघत राहिला. जाताना ती काहीतरी पुटपुटत असेल असं त्याला वाटलं. एवढी तोंडाळ बाई, अशी कशी जाईल? ऐकू येईना म्हणून तो जरा कलला. तरी ऐकू येईना, म्हणून आणखी कलला. ती लांब जात होती आणि हा तिच्या मागं कलत होता. कलता कलता त्याची दुसरी कूस खिंडीवरून सुटली, आणि तिथून पाणी फुसफुसत बाहेर पडलं.

वरून डोंगर ओरडले, "कारभारी, पाणी चाललं! सरळ बसा!"

"बसलोय की."

"याला बसणं म्हणतात?"

थोरला गरजला, "नीट बस, नाहीतर ऊठ आणि चालता हो. काय ते एक कर."

तेव्हा म्हणे उभ्यानं डोक्यावरचा ढगाचा फेटा काढला आणि वाऱ्यावर सोडून दिला. म्हणाला, "उठत नाही. उठलो तर पाणी लोंढ्यानं जाईल आणि या बारक्या टेकड्या मरतील. सरळही बसत नाही. सरळ बसलो तर खालची माणसं मरतील. माती जायची ती माझी जाऊ दे."

थोरला म्हणाला, "मग राहा असाच. पुन्हा हलायचं नाही आणि बोलायचं नाही."

त्या दिवसापासून तो हलला नाही. त्याचं बघून बाकीच्यांनीही आपापल्या कुशी थोड्या थोड्या सैल केल्या, खोऱ्याखोऱ्यांतलं पाणी सुटलं, आणि पुन्हा दरबार म्हणून काही भरला नाही. डोंगर होते तिथंच राहिले.

ओढ्याचं पाणी वाटेच्या कडेनं पळत गेलं आणि राहीला गाठलं. म्हशींनी ते हुंगलं आणि आपणहून माघारी वळल्या. राही त्यांच्या मागं आली. डोंगर कललेला बघितला. डोक्याचा फेटा गेलेला बघितला. मग बोचकं टाकलं, पदर खोचला.

"ना धड बसलास, ना धड उठलास! अरे, सांगायला तोंड नव्हतं का तुला? मी काय परकी होते? रोज तुझ्या मांडीवर बसून जगाचं सांगत होते, आणि तू पोटात हे घेऊन बसलास? सांगितलं असतंस तर दोघांनी मिळून काहीतरी काढलं असतं. नसतं निघालं तर दोघं रडलो असतो. मला गावाबरोबर हात जोडायला लावलंस, मेल्या!"

म्हशी रवंथ करून झोपल्या तरी ती बोलत होती, असं सांगतात. तिचा राग तो खिंडीत बसला याच्यावर नव्हता. सांगितलं नाही याच्यावर होता. डोंगर बोलू शकत नव्हता. पण ऐकू येत असणार, कारण कललेल्या अंगाच्या कपारीतून तेव्हा पाणी झरायला लागलं. काहीजण म्हणतात ते रडणं होतं. असेल. मी बघायला गेलो नव्हतो.

राही मरेपर्यंत रोज त्याच्याकडं जात राहिली आणि रोज त्याला बोलत राहिली. कलंडोबा हे नाव तिनंच ठेवलं. पुढं गावानं पहिला पाटील नेमला. त्याच्या डोक्यावर पगडी ठेवायला लोक जमले तेव्हा म्हाताऱ्या राहीनं हात आडवा घातला.

"थांबा. याचा दोस्त कोण आहे? त्याला पुढं बोलवा. आधी त्याला याच्यावर तोंड सोडू दे. एकदा पगडी चढली की सगळे हातच जोडणार आहेत."

तिथून हा मान पडला. पगडी गेली, खुर्ची आली, मान तसाच आहे. कलंडोबाची माती दर पावसाळ्यात थोडी थोडी ओढ्याला जाते आणि आमची भाताची खाचरं तिच्यावर पिकतात. त्याला आम्ही नमस्कार करत नाही. तुम्हीही करू नका.

आजही मित्राच्या शिव्या खाल्ल्याशिवाय तांबघोळात कोणाला खुर्ची मिळत नाही. मागच्या खेपेला हैबतराव निवडून आला. फटाके, गुलाल, सगळं झालं. डोंगराखाली उभा राहिला आणि शिव्या द्यायला कोणी पुढं येईना. मग त्याच्या पॅनेलमधलेच एकेक यायला लागले. पहिला म्हणाला, "साहेब, तुमचा मला फार राग येतो. तुम्ही तब्येतीकडं लक्ष देत नाही." माणसं पोट धरून हसली. दुसरा कागदावर लिहून घेऊन आला. त्याला बायांनीच हाकलला. दुपार कलली तरी हैबतराव उभाच. आधी घड्याळ बघत होता. मग वाटेकडं बघायला लागला. मग जमिनीकडं. गुलाल घामानं ओघळून शर्टावर आला होता. माणसं घराकडं निघायला लागली.

तेवढ्यात खालच्या शेतातून सोपान आला. लहानपणी दोघं एका ताटात जेवायचे. दोन वर्षं बोलणं बंद, आणि निवडणुकीला सोपान समोरच्या पॅनेलला होता. विळा कमरेला, पाय चिखलानं भरलेले. सरळ हैबतरावापुढं जाऊन उभा राहिला.

"काय रे हैबत्या," तो म्हणाला, "माझा बाप गेला, तू मयताला आला नाहीस. प्रचाराला गेलास. त्याच्या खांद्यावर बसून जत्रा बघितली होतीस, हरामखोरा."

हैबतरावानं मान खाली घातली ती वर केली नाही. सोपाननं पाय रोवले, श्वास घेतला आणि पार लहानपणापासूनचं काढायला लागला. आम्ही माणसांना माघारी बोलावलं, पोरींना चहा टाकायला सांगितलं आणि धोंडे बघून बसून घेतलं. वेळ लागणार होता.